‘आम्ही अडाणी, आम्ही काय गणित शिकवणार?’

पालकसभेत गणिताचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं. “सर, आम्ही अडाणी माणसं. पोराला गणित आम्ही काय शिकवणार? तुम्हीच बघा, नाहीतर पेणला क्लास लावतो.” पेण-रोह्याच्या गावांतून हे वाक्य इतकं ऐकलंय की आता त्याचा राग येतो. राग बोलणाऱ्यांचा नाही, त्यांच्या मनात हे भरवणाऱ्यांचा. खंडीचे मण वीस आणि मणाच्या पायल्या सोळा, हा हिशेब ज्या आजीला झोपेतून उठवलं तरी सांगता येतो, त्या आजीलाच आपल्याला गणित येत नाही असं वाटतं!

निदान पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकमध्ये तरी असं कुणी म्हणू नये. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे याच गावात जन्मले. देवाखालोखाल आपल्याला गणित आवडतं, असं ते सांगत. त्यांनीच सांगितलेली आईची आठवण अनेकांना माहीत असेल. रुक्मिणीबाईंनी देवाला लाख तांदूळ वाहायचा संकल्प केला आणि त्या एकेक दाणा मोजू लागल्या. वडील म्हणाले, तोळाभर तांदूळ घे, त्यातले दाणे मोज, त्यावरून लाखाला किती तोळे लागतील ते काढ आणि चूक राहू नये म्हणून अर्धा तोळा वर घाल. आईला ते पटेना. विनोबांनी आईची बाजू घेतली. दाणे मोजायचे ते नामस्मरणासाठी, हिशेबासाठी नव्हे.

ही गोष्ट भक्तीची म्हणून सांगतात, ते योग्यच आहे. पण मुलांच्या गणिताकडे बघणाऱ्याने तिच्यात आणखीही काही पाहावं. एका दाण्याला एक आकडा, न चुकता, ही मोजणीची पहिली पायरी आईच्या हातात आहे. थोडे मोजून पुष्कळांचा अंदाज काढायचा आणि चुकीला जागा ठेवायची, ही पुढची पायरी वडिलांच्या तोंडी आहे. एकमान पद्धत म्हणून शाळेत शिकवतात ती हीच. हजार दाणे वीस ग्रॅम भरले, तर लाख दाण्यांना दोन किलो तांदूळ लागतील. पाचवीच्या मुलाला घरच्या तांदळाचे हजार दाणे मोजायला द्या, किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करू द्या आणि पुढचा हिशेब त्यालाच करू द्या.

यावर शंका येते, आणि ती रास्त आहे: घरातला हिशेब येतो म्हणून शाळेतलं गणित येईलच कशावरून? आपोआप येत नाही, हे खरंच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी चौदाशेंहून अधिक मुलं त्यांनी तपासली. आठशे ग्रॅम बटाटे, दीड किलोच्या आसपास कांदे, दर वेगवेगळे, वर सुटे पैसे परत द्यायचे, असे हिशेब ही मुलं तोंडी आणि बहुतेक अचूक करत होती. त्याच मुलांना कागदावर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला दिलं, तर जेमतेम तिसरा हिस्सा मुलांना ते जमलं. उलट, शाळेत जाणारी आणि बाजारात काम न करणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडली. म्हणजे ‘दुकानातलं गणित हे काही खरं गणित नव्हे’ हा काही शिक्षकांचा समज आणि ‘घरी आम्ही काय शिकवणार’ हा पालकांचा समज, दोन्ही मिळून मुलाचं नुकसान करतात. दोन्हीकडे गणित आहे, मधला सांधा कुणी जोडत नाही.

तो जोडायला पदवी लागत नाही. समजा, चार माणसांच्या भाताला एक मापटं तांदूळ लागतो आणि आज घरात सहा माणसं आहेत. आईने मुलाला विचारावं, “किती काढू?” आधी त्याला अंदाज सांगू द्या. मग चिपट्याने मोजू द्या. दोन चिपट्यांचं एक मापटं, म्हणजे चार माणसांना दोन चिपटी, दोघांना एक, सहा जणांना तीन. तीन चिपटी म्हणजे दीड मापटं. आता हेच त्याला वहीत आकड्यांत मांडायला सांगा. वही तुम्हाला वाचता आली नाही तरी चालेल, उद्या बाई वाचतील. अपूर्णांकाचं ज्याला भय वाटतं, त्याने दीड हा स्वतःच्या हाताने ओतला आहे. घरी बोलणं आणि वहीत मांडणं, हा सांधा एवढाच आहे. शिक्षकांनीही अधूनमधून वर्गात मापटं-चिपटं आणून ठेवावं.

बाकीचे समज थोडक्यात.

बोटांवर मोजणारं मूल मठ्ठ नसतं. लहान वयात बोटं हे मोजणीचं साधनच आहे, हात पाठीमागे धरायला लावू नका.

पाढे पाठ हवेतच, पण ‘सात आठे छप्पन्न’ म्हणणाऱ्या मुलाला सात जणांना आठ-आठ लाडू वाटायला किती लागतील हे सांगता आलं नाही, तर ते नुसतं पाठांतर आहे.

२०१९ मध्ये बालभारतीने ‘सत्तावीस’ बंद करून ‘वीस सात’ आणलं, हे अजूनही सांगितलं जातं. बंद काहीही केलं नव्हतं. दुसरीच्या पुस्तकात रूढ वाचनाच्या जोडीला दुसरी पद्धत दिली होती, मुलाला दशक-एकक नीट कळावेत म्हणून.

मुलींना गणित कमी जमतं, हे तर तोंडातूनही काढू नका. त्या पुस्तकामागच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर, स्वतः गणितज्ञ होत्या.

‘गणिताचं डोकं जन्मजातच असावं लागतं’ या समजाने मूल तिसरी-चौथीतच हात टेकतं. रोजच्या जगण्यापुरतं गणित सरावाने जवळजवळ प्रत्येकाला येतं.

क्लास लावायचा तर खुशाल लावा, पण घरात आधी हे सुरू करा. मुलाचं उत्तर चुकलं तर बरोबर उत्तर लगेच सांगून टाकू नका. माप त्याच्या हातात द्या आणि त्यालाच पुन्हा ओतून बघू द्या.