वाटणीचं घर पुन्हा एक करताना

डेटाचं स्थलांतर : लेखांक ६

अ‍ॅमेझॉनने ओरॅकलचा निरोप कसा घेतला ते गेल्या आठवड्यात पाहिलं. सुमारे ७,५०० डेटाबेस, ७५ पेटाबाइट डेटा, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात काम फत्ते झाल्याची घोषणा. आज ज्या डेटाची गोष्ट सांगायची आहे तो त्या मानाने चिमूटभर होता. पेटाबाइट सोडाच, शेकड्यानेही नव्हे, दहाच्या पटीत मोजावेत इतकेच टेराबाइट. हल्ली २० टेराबाइटची हार्ड डिस्क दुकानात मिळते, म्हणजे असल्या मूठभर डिस्का घेतल्या की सगळा माल पिशवीत. तरीही हा एवढासा डेटा एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीत न्यायला गूगलला एकदा दोन वर्षांहून जास्त काळ लागला, आणि डझनावारी टीम त्यात अडकून पडल्या. गंमत म्हणजे ते स्थलांतर नव्हतंच, नुसती फेरवाटणी होती. त्या फेरवाटणीला विटून पुढे जे स्थलांतर झालं, ते आजचा विषय.

डेटा होता अ‍ॅडवर्ड्सचा, म्हणजे गूगलवर जाहिरात देणाऱ्यांच्या खात्यांचा. ऑक्टोबर २००० मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा जाहिरातदार होते ३५०. कोणाची कोणती जाहिरात, कोणत्या शब्दावर किती बोली, दिवसाला किती खर्चाची मर्यादा, हे सगळं मायएसक्यूएल या साध्या, मोफत मिळणाऱ्या रिलेशनल डेटाबेसमध्ये लिहिलं जायचं. गूगलच्या कमाईचा मोठा वाटा ज्या वहीवर उभा, ती ही वही.

वही एका सर्व्हरवर मावेना, तेव्हा मोठ्या घरात होतं तेच झालं. वाटण्या झाल्या. तांत्रिक भाषेत याला शार्डिंग म्हणतात. शार्ड म्हणजे खापरी, फुटलेल्या मडक्याचा तुकडा, आणि नाव अगदी चपखल आहे. अमुक जाहिरातदार आणि त्याचा सगळा पसारा अमुक सर्व्हरवर, असं ठरवून दिलं. एका जाहिरातदारापुरतं पाहिलं तर काहीच बिघडलं नाही. त्याची सगळी टेबलं शेजारी शेजारी, इंडेक्स जागेवर, क्वेरी पूर्वीसारख्याच चालतात.

दुखणं वेगळ्याच जागी होतं. कोण कुठे राहतो हे डेटाबेसला नव्हे, प्रोग्रामला माहीत असावं लागत होतं. एक टीम बिलं काढते, दुसरी अहवाल बनवते, तिसरी जाहिराती तपासते, आणि वाटणीचा नकाशा थोडा थोडा सगळ्यांच्याच कोडमध्ये मुरलेला. मग एखाद्या सर्व्हरवरचे जाहिरातदार फुगले, जागा अपुरी पडली, की नकाशा बदलायचा. भावकीत वाटणी बदलायची म्हटली की सातबारा, बांध, विहिरीची पाळी, सगळंच पुन्हा उघडावं लागतं, तशातली गत. आणि हे सगळं धंदा क्षणभरही न थांबवता, एका पैशाचा हिशेब न चुकवता करायचं. दोन वर्षं गेली ती डेटा उचलून ठेवण्यात नव्हे, तो जागचा हलला तर कोणाचं काय मोडेल हे शोधण्यात.

असं काम पुन्हा पुन्हा कोण करील? मग टीमने पळवाट काढली. काही डेटा मायएसक्यूएलबाहेर, गूगलच्याच बिगटेबल नावाच्या दुसऱ्या साठवणीत ठेवायला सुरुवात केली. घर भरलं म्हणून चार ट्रंका शेजाऱ्याच्या माळ्यावर टाकाव्यात तसं. पण त्यामुळे एकाच व्यवहाराचा अर्धा भाग इकडे आणि अर्धा तिकडे. दोन्ही झाले किंवा दोन्ही नाही झाले, ही रिलेशनल डेटाबेसची जी मूळ हमी, तीच खिळखिळी झाली. भरीला मुख्य सर्व्हर पडला की दुसरा त्याच्या जागी उभा करणं जिकिरीचं. दुसऱ्याकडची प्रत क्षणभर मागे असली, तर तेवढ्या नोंदी गेल्याच म्हणायच्या.

इथे दोन वाटा फुटतात. अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमोची वाट आपण पाहिलीच: रिलेशनल शिस्त थोडी ढिली करायची, प्रती थोडा वेळ एकमेकींशी जुळल्या नाहीत तरी चालवून घ्यायचं. खरेदीच्या टोपलीला ते चालतं. ज्या वहीत बोली आणि खर्चाच्या मर्यादा आहेत, तिला ते चालवून घेणं अवघड. गूगलच्या जाहिरात विभागाने म्हणून उलटी वाट धरली. एसक्यूएल, इंडेक्स, पक्के व्यवहार यांतलं काही सोडायचं नाही, आणि तरीही वाटणीची कटकट डेटाबेसनेच सांभाळायची. खाली स्पॅनर नावाची जगभर पसरू शकणारी साठवण, आणि तिच्यावर एफ१ नावाचा एसक्यूएलचा थर. २०११ च्या सुरुवातीला खऱ्या कामाच्या भाराखाली चाचण्या सुरू झाल्या, आणि २०१२ च्या सुरुवातीपासून अ‍ॅडवर्ड्सच्या मोहिमांचा सगळा डेटा एफ१ वर आला. एफ१ हे नाव मोटारींच्या शर्यतीवरून नाही, बियाण्यावरून आहे. दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी ती एफ१. आपल्याकडे ‘हायब्रीड’ म्हटलं की ज्वारीच आठवते. हा डेटाबेसमधला हायब्रीड.

आता किंमत मोजायची वेळ. अ‍ॅडवर्ड्ससाठी प्रत्येक नोंदीच्या पाच प्रती ठेवल्या, दोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे आणि तीन पूर्वेकडे. एखादा भाग भूकंपात किंवा वादळात सापडला तरी वही शाबूत राहावी म्हणून. नोंद पक्की झाली असं केव्हा म्हणायचं? पाचांतल्या निदान तिघांनी ‘लिहिलं’ म्हटल्यावर. हे बहुमत बिनचूक कसं घ्यायचं याची रीत लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पॅक्सॉस या ग्रीक बेटावरच्या काल्पनिक विधिमंडळाची गोष्ट रचून मांडली होती, म्हणून तिचं नाव पॅक्सॉस. पण बहुमत घ्यायचं तर निरोप जायला हवा आणि परत यायला हवा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. ४,००० किलोमीटर जाऊन परत यायचं तर ४० मिलिसेकंद निव्वळ प्रवासाचे, आणि कितीही पैसे ओतले तरी ते कमी होत नाहीत. एफ१ वर एक नोंद पक्की व्हायला ५० ते १५० मिलिसेकंद लागू लागले.

म्हणजे नव्या घरात आल्यावर प्रत्येक लिखाण हळू झालं. स्थलांतराच्या जाहिरातींमध्ये हे वाक्य सहसा सापडत नाही. माझ्या मते संबंधित टीमला पहिल्याच बैठकीत ऐकवावं असं वाक्य हेच आहे.

यात मीही पोळलो आहे. एका छोट्या संस्थेसाठी कर्जाच्या थकबाकीचा अहवाल लिहिला होता. आधी खातेदारांची यादी घ्यायची, मग एकेकाची थकबाकी एकेका क्वेरीने काढायची. खातेदार होते आठशे. डेटाबेस त्याच यंत्रावर होता तोवर अहवाल चुटकीसरशी निघायचा. मग डेटाबेस क्लाउडवर गेला. एका फेरीला ३० मिलिसेकंद लागू लागले, आणि आठशे फेऱ्यांचे २४ सेकंद झाले. कोडमधली एक ओळ बदलली नव्हती. मी दोन दिवस इंटरनेटवाल्याला बोल लावत बसलो. दोष माझ्या लूपचा होता. स्वयंपाकघर शेजारच्या खोलीत असताना मीठ, मग हळद, मग मोहरी असं एकेक आणायला उठलं तरी कोणाला कळत नाही. तेच दुकान दोन मैलांवर असलं की माणूस यादी करतो.

अ‍ॅडवर्ड्सच्या टीमने नेमकं यादी करणंच सक्तीचं केलं. जुन्या कोडमध्ये ओआरएम नावाचा मधला थर असायचा, जो प्रोग्रामरच्या नकळत डेटाबेसकडे फेऱ्या मारायचा. ‘या जाहिरातदाराच्या मोहिमा दे’ एवढं लिहिलं की पडद्यामागे पन्नास क्वेरी. नव्या थरातून ही सोय मुद्दाम काढून टाकली. आपोआप काहीच आणलं जाणार नाही. काय हवं ते सांगा, एकदम सांगा, आणि एकमेकांसाठी न थांबता समांतर मागवा. प्रोग्रामर नक्कीच कुरकुरले असणार. पण अ‍ॅडवर्ड्सच्या वापरकर्त्याला मिळणारा प्रतिसाद सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास राहिला, म्हणजे जुन्या मायएसक्यूएलच्या काळात होता जवळपास तेवढाच. खालचं सगळं हळू झालेलं, आणि वर बसलेल्याला पत्ता नाही.

टेबलांची मांडणीही बदलली. रिलेशनल शास्त्रात जाहिरातदारांचं टेबल वेगळं, मोहिमांचं वेगळं, जाहिरात-गटांचं वेगळं, आणि ती प्रत्यक्षात कुठे पडली आहेत याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये हे तत्त्व मांडलं त्याचं मोठेपण त्यातच आहे. स्पॅनरवर मात्र देणंघेणं ठेवावं लागतं. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालात बांधून ठेवतात, एकेका विषयाचे कागद एकत्र. तसं इथे जाहिरातदार १७ ची ओळ, तिच्या लगेच खाली त्याची मोहीम (१७, ३), तिच्या खाली गट (१७, ३, ६). मुलाच्या किल्लीची, म्हणजे ओळख पटवणाऱ्या आकड्यांची, सुरुवात बापाच्या किल्लीने होते, म्हणून क्रमाने लावलं की सगळं एका रुमालात येतं. एका जाहिरातदाराशी निगडित व्यवहार मग एकाच ठिकाणी उरकतो. दोन रुमाल उघडावे लागले तर आधी दोघांची कबुली घ्या, मग दोघांना पक्कं करायला सांगा, अशी दुहेरी वरात निघते. ती निघू शकते, चुकत नाही, पण महाग पडते.

गूगलने २०१७ मध्ये हेच स्पॅनर क्लाउडवरची सेवा म्हणून सगळ्यांना खुलं केलं, आणि तेव्हापासून नवख्यांची हमखास ठेच लागते ती अनुक्रमांकाला. पावती क्रमांक १, २, ३… जुन्या डेटाबेसमध्ये ही सवय निरुपद्रवी असते. इथे नोंदी किल्लीच्या क्रमाने लागतात आणि क्रमाचे पट्टे पाडून सर्व्हरांना वाटलेले असतात. सतत वाढणारा आकडा नेहमी शेवटच्याच पट्ट्यात पडणार. आठ खिडक्या उघड्या, आणि सगळी रांग आठवीसमोर! सर्व्हर वाढवा, पैसे भरा, रांग तिथेच. यावरचा एक उपाय मला फार आवडतो. आकडा द्विमान पद्धतीत लिहून उलटा वाचायचा. तीन अंकांत १ म्हणजे ००१, उलटा वाचला की १००, म्हणजे ४. अशा रीतीने १, २, ३, ४, ५ यांचे होतात ४, २, ६, १, ५. आकडा एकदाच येतो, कोणाशी टक्कर नाही, आणि गर्दी सगळ्या खिडक्यांवर पांगते. मात्र ‘सर्वांत मोठा क्रमांक म्हणजे सर्वांत नवी नोंद’ असं ज्या ज्या अहवालात गृहीत धरलंय, ते सगळे अहवाल त्या दिवशी खोटे पडतात. स्थलांतराच्या आधी कोडमध्ये शोधायच्या गोष्टींत मी याला वरचा नंबर देतो.

राहिलं घड्याळ. आधी काय झालं आणि नंतर काय, हे एका यंत्रावर उघड असतं. दोन किनाऱ्यांवरच्या दोन यंत्रांची घड्याळं मात्र थोडी तरी मागेपुढे असतातच. जाहिरातदाराने मोहीम बंद केली आणि लगेच दुसरा बदल केला. दुसऱ्या बदलावर आधीची वेळ पडली तर वहीतला इतिहासच उलटा. स्पॅनरने यावर काढलेली तोड अस्सल आहे. तिथलं घड्याळ ‘पाच वाजले’ म्हणत नाही, आपल्यासारखं ‘पाचच्या सुमारास’ म्हणतं, फक्त सुमार केवढा तेही सांगतं: याआधीची वेळ नक्की नाही, यानंतरचीही नाही. डेटासेंटरांमध्ये जीपीएसचे रिसीव्हर आणि अणुघड्याळं बसवली आहेत. २०१२ मध्ये बाकीची यंत्रं दर ३० सेकंदांनी त्यांना वेळ विचारत. मधल्या काळात आपण सेकंदाला २०० मायक्रोसेकंद भरकटलो असू, असं धरून चालत. ३० सेकंदांत ६ मिलिसेकंद, शिवाय विचारपूस करण्यातला १. म्हणून सुमार १ ते ७ मिलिसेकंदांच्या दरम्यान खालीवर होत राहायचा. नोंदीवर वेळ टाकायची ती त्या सुमाराच्या पलीकडच्या टोकाची, आणि ती नक्की उलटून गेली असं कळेपर्यंत थांबायचं. त्यानंतरच ‘झालं’ म्हणायचं. बहुमताचे निरोप जात-येत असतात त्या वेळात हे थांबणं बरंचसं झाकलं जातं.

पण एखादं घड्याळच यापेक्षा जास्त भरकटलं तर? मग ही सारी इमारत डळमळेल. गूगलने आपल्या यंत्रांची आकडेवारी तपासली, तर बिघडलेल्या घड्याळांपेक्षा बिघडलेले प्रोसेसर सहापट निघाले. प्रोसेसर बेरीज बरोबर करील यावर आपण जितका भरवसा टाकतो, त्याहून कमी भरवसा या घड्याळांवर टाकायचं कारण त्यांना दिसलं नाही.

जुनं घर चालू ठेवून नवं भरायचं कसं, दोन्हीकडे एकाच वेळी लिहायचं कसं, आणि जुन्याचा दरवाजा नेमका कोणत्या रात्री बंद करायचा, ते पुढच्या आठवड्यात.