एका कुलपाची पंधरा वर्षे

जून १९९६ मध्ये लिनक्स कर्नेलची २.० ही आवृत्ती आली आणि एकाच यंत्रात एकाहून अधिक प्रोसेसर चालवण्याची सोय तिच्यासोबत आली. तोवरचा सगळा कोड यंत्रात एकच प्रोसेसर असतो हे गृहीत धरून लिहिलेला होता. एक प्रोसेसर यादीत नोंद घालत असताना दुसऱ्याने तीच यादी बदलली, तर यंत्र कोलमडणार हे उघड होते. त्यावर काढलेला तोडगा साधा होता : संपूर्ण कर्नेलला एकच कुलूप, एका वेळी आत एकच प्रोसेसर. हाच तो ‘बिग कर्नेल लॉक’. तो बसवायला फारसा वेळ लागला नाही. पूर्णपणे निघाला मात्र मे २०११ मध्ये, २.६.३९ या आवृत्तीत. मधल्या काळात जगातले निष्णात प्रोग्रामर त्याच्या मागे लागलेले होते, त्यामुळे आळस किंवा अज्ञान हे कारण पटत नाही. माझ्या मते कारण असे, की जुना कोड कागदावर नसलेली आश्वासने देत असतो. ती कोणाला दिली आहेत हे शोधणे म्हणजेच देखभाल. नवा कोड लिहिणे हा त्यातला छोटा भाग.

या कुलपाचे दोन गुण विचित्र होते. ज्या प्रक्रियेने ते घेतले, तिला ते पुन्हा घेता येत असे. आणि ती प्रक्रिया डिस्कची वाट पाहत झोपली, की कुलूप आपोआप सुटे व जागे होताना आपोआप परत मिळे. सोय मोठी, पण त्यामुळे कुलूप नेमके कशाचे रक्षण करते हे कोणालाच सांगता येईना. ते माहितीच्या एखाद्या रचनेवर नव्हते, कोडच्या रस्त्यावर होते. रायझरएफएस ही फाइल व्यवस्था तर या दोन्ही गुणांवर इतकी विसंबलेली होती, की फ्रेडरिक वाइसबेकर यांना तिथे साधे कुलूप बसवताना ते कुठे सोडायचे आणि कुठे परत घ्यायचे हे जागोजागी हाताने ठरवावे लागले. टर्मिनल सांभाळणाऱ्या टीटीवाय विभागाची कथा अशीच. तिथे अखेर मोठ्या कुलपाच्या जागी त्या विभागापुरते दुसरे मोठे कुलूप आले. याला सुधारणा म्हणावे का, असा प्रश्न पडू शकतो. पण अडचण एका विभागात कोंडली गेली, हेही थोडे नव्हते.

खरी प्रगती ज्या रीतीने झाली ती वरवर पाहता मागे जाण्यासारखी दिसते. ड्रायव्हरला विशेष आज्ञा देण्यासाठी ‘आयओसीटीएल’ नावाचा मार्ग असतो. पूर्वी कर्नेल स्वतः मोठे कुलूप लावून मगच ड्रायव्हरचे हे फंक्शन बोलावत असे. २००५ च्या २.६.११ मध्ये कुलपाविना बोलावले जाणारे वेगळे फंक्शन उपलब्ध झाले. मग एकेका ड्रायव्हरमध्ये कुलूप आतल्या बाजूला, त्याच्या स्वतःच्या कोडमध्ये ढकलले गेले. म्हणजे कुलूप लावणाऱ्या ओळी कमी होण्याऐवजी वाढल्या. मात्र आता प्रत्येक ओळ कोणा एकाची झाली, त्याला विचारता येऊ लागले : तुला हे खरेच हवे आहे का? जुना मार्ग २०१० मध्ये, २.६.३६ मध्ये बंद झाला. शेवटच्या टप्प्यातले बरेचसे काम आर्न्ट बेर्गमान यांचे.

त्याच २.६.११ मध्ये दुसरे एक फंक्शन आले आणि तो योगायोग मला महत्त्वाचा वाटतो. ६४ बिटांच्या कर्नेलवर ३२ बिटांचे जुने प्रोग्रॅम चालवायचे, तर दोघांमध्ये दुभाषी लागतो. जुन्या प्रोग्रॅमचा पॉइंटर चार बाइटांचा, कर्नेलचा आठ. ३२ बिटांच्या इंटेल यंत्रावर आठ बाइटांची संख्या चारच्या पटीतल्या जागी बसू शकते, ६४ बिटांच्या यंत्रावर ती आठच्या पटीत बसते. साहजिकच एकाच रचनेचे आराखडे दोन होतात. हे भाषांतर पूर्वी एका अवाढव्य फाइलमध्ये एकवटलेले होते, तेही जिथले तिथे नेण्याची सोय या दुसऱ्या फंक्शनने केली. ती मध्यवर्ती फाइल नाहीशी झाली २०२० च्या ५.६ मध्ये, आणि तेही काम बेर्गमान यांचेच. कुलूप आणि सुसंगती हे दोन वेगळे विषय वाटतात, पण दुखणे एकच : ज्याचे ज्ञान ड्रायव्हरपाशी आहे, त्याची जबाबदारी मधल्या कोणीतरी घेतलेली.

अशा मधल्या जागी दोष किती काळ दडून राहतो याचा पुरावा सुरक्षेच्या इतिहासात आहे. ३२ बिटांच्या प्रवेशद्वारी आज्ञेचा क्रमांक तपासताना फक्त खालचे ३२ बिट पाहिले जात, वापरताना मात्र सगळे ६४. या फटीतून कोणीही सामान्य वापरकर्ता यंत्राचा मालक होऊ शके. ती २००७ मध्ये बुजवली गेली, पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका बदलात ती दुरुस्ती पुसली गेली, आणि २०१० मध्ये तोच दोष पुन्हा सापडला. ‘डर्टी काऊ’ची गोष्ट याहून बोलकी. स्मृतीची पाने हाताळताना दोन धाग्यांच्या शर्यतीतून उद्भवणारा हा दोष लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला होता. आयबीएमच्या एस३९० यंत्रांवर त्याने अडचण आली म्हणून तो मागे घेतला गेला. ऑक्टोबर २०१६ मध्ये खरी दुरुस्ती आली, तेव्हा अकरा वर्षांपूर्वीचा हा फसलेला प्रयत्न त्यांनी स्वतःच नोंदवला. एका यंत्राशी सुसंगती राखताना शर्यत सर्वांसाठी खुली राहिली.

मग सरळ प्रश्न येतो : जुने सगळे फेकून का देत नाहीत? ओपनबीएसडी या दुसऱ्या कार्यप्रणालीने २०१४ च्या ५.५ या आवृत्तीत वेळ मोजणारी संख्या एका झटक्यात सर्वत्र ६४ बिटांची केली आणि जुने प्रोग्रॅम पुन्हा बांधून घ्यायला सांगितले. उदाहरण चोख आहे, पण तिथे कर्नेल आणि त्यावरची प्रणाली एकच मंडळी एकत्र घडवतात. लिनक्सचे कर्नेल एकीकडे तयार होते, आणि त्यावर काय चालेल हे डेबियन, अँड्रॉइड, रुग्णालयातील उपकरणे बनवणारे आणि मूळ कोड हरवून बसलेल्या कंपन्या ठरवतात. ‘पुन्हा बांधून घ्या’ हे सांगायचे तरी कोणाला? म्हणूनच वापरकर्त्याचा चालू प्रोग्रॅम मोडायचा नाही, या नियमावर टोरवाल्ड्स इतके हटून बसतात. डिसेंबर २०१२ मध्ये एका अनुभवी सहकाऱ्याला त्यांनी त्यावरून जाहीरपणे, अतिशय कडवट भाषेत फटकारले होते. भाषा समर्थनीय नव्हती, नियम होता.

त्याच महिन्यात ३८६ प्रोसेसरचा आधार काढण्याचा बदल स्वीकारला गेला, तो ३.८ मध्ये आला. लिनक्सचा जन्म ज्या प्रोसेसरवर झाला तोच हा. ‘तुलना करून अदलाबदल’ ही एका झटक्यात होणारी आज्ञा ३८६ मध्ये नव्हती आणि आजची कुलपे तिच्यावर उभी आहेत. त्या अभावाची भरपाई करणारा कोड प्रत्येक नव्या बदलाच्या आड येत होता. म्हणजे सुसंगतीलाही मर्यादा आहे, पण ती वापरणारा कोणी उरला नाही यावरून ठरते, प्रोग्रामरच्या कंटाळ्यावरून नव्हे.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमला दिलेला शब्द लिनक्स पाळते, पण आतल्या ड्रायव्हरांना काहीच शब्द देत नाही; आतली फंक्शने कधीही बदलतात. मुख्य कोडबाहेर ड्रायव्हर ठेवणाऱ्यांना ते जाचते, आणि त्याची किंमत अनेकदा ग्राहक मोजतो : चिप बनवणाऱ्याने लक्ष काढून घेतले, की ठणठणीत फोन जुन्या कर्नेलवर अडकून पडतो. गूगलला शेवटी अँड्रॉइडसाठी ५.१० पासून प्रत्येक कर्नेल शाखेपुरता ड्रायव्हरांशी स्थिर करार करावा लागला. हा आक्षेप मी झटकणार नाही. तरीही आतला शब्दसुद्धा गोठवला असता, तर मोठे कुलूप आजही जागेवर असते. कुलूप लावूनच मला बोलवा, हाही ड्रायव्हरांना दिलेला करारच होता, आणि तो मोडता आला तो सर्व ड्रायव्हर डोळ्यांसमोर असल्यामुळे. बाहेर स्थैर्य हवे तर आत मोडतोड अटळ आहे.

अवजारांनी हे संपेल असे म्हणणाऱ्यांशी मी निम्मा सहमत आहे. २००६ मध्ये आलेले इंगो मोल्नार यांचे ‘लॉकडेप’ कुलपांच्या क्रमावर पहारा ठेवते आणि अडकाठी प्रत्यक्षात घडण्याआधीच तिची शक्यता दाखवते. २०२२ च्या ६.१ मध्ये शिरलेली रस्ट भाषा कुलूप आणि त्याखालची माहिती यांची गाठ मारून ठेवते. मात्र १९९६ सालच्या कुलपाने नकळत कशाचे रक्षण केले, किंवा एखादा प्रोग्रॅम कोणत्या चुकीच्या उत्तरावर विसंबून आहे, हे सांगणारे अवजार नाही.

त्या प्रश्नाची पुढची परीक्षा तारखेसह ठरलेली आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर उलटे फिरेल आणि १९०१ दाखवू लागेल. कर्नेलने २०१९ च्या ५.१ मध्ये ३२ बिटांच्या यंत्रांसाठी ६४ बिटांच्या वेळेच्या आज्ञा दिल्या, जुन्याही तशाच ठेवल्या, आणि ५.६ पर्यंत उरलेले दुवे जोडले. यानंतर चेंडू कर्नेलभोवती पूर्ण प्रणाली रचून देणाऱ्या वितरणांच्या अंगणात गेला. डेबियनने २०२४ मध्ये ३२ बिटांच्या एआरएमवरील हजारो पॅकेजे नव्या मोजणीवर आणली, पण इंटेलच्या ३२ बिटांची शाखा जाणूनबुजून वगळली. ती शाखा आता उरली आहे मुख्यतः जुने, पुन्हा बांधता न येणारे प्रोग्रॅम चालवण्यासाठी. वेळेचा आकार बदलला तर नेमके तेच बंद पडतील. तेव्हा हे प्रोग्रॅम त्या सकाळपर्यंत चालतील, आणि तोवर ते कुठे वापरात आहेत याची यादी ज्याची त्यालाच करावी लागेल.