रिपोर्टावर ‘ओ’, पण रक्त ‘मुंबई’चे

आई ‘ओ’ गटाची, बाप दुसऱ्या ‘ओ’ गटाचा आणि बाळ मात्र ‘बी’! असा रिपोर्ट हाती पडला की घरात कुजबुज सुरू होते आणि बोट बाईकडेच वळते. दोन ‘ओ’ आईबापांचे मूल ‘ओ’च असते, हा नियम बरोबर आहे. पण त्याला एक अपवाद आहे आणि तो सापडला आपल्या परळमध्ये. आमच्या भगिनींनी तो समजून घ्यावाच, त्यांच्या सासरच्या मंडळींनी त्याहून आधी.

१९५२ साली के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन माणसांचे विलक्षण रक्त जगापुढे मांडले. तपासले तर ते ‘ओ’सारखे दिसे, पण याच माणसांचा रक्तद्रव ‘ओ’ गटाच्या रक्ताशी मिसळला की गुठळ्या होत. जगाने त्या गटाला नाव दिले ‘बॉम्बे’. शहराचे नाव बदलले, गटाचे तेच राहिले.

हे घडते कसे? रक्तातील तांबड्या पेशींवर प्रथिने आणि चरबीचे कण असतात आणि त्यांना साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात. त्या साखळीत साखर अडकविण्याचे काम एन्झाइम म्हणजे विकर करते. पहिले विकर साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर लावते. या कडीला ‘एच’ म्हणतात. ती कडी असेल तरच पुढचे विकर ‘ए’ची किंवा ‘बी’ची साखर बसवू शकते. ‘ओ’ माणसाचे हे पुढचे विकर निकामी असते, म्हणून नुसती ‘एच’ कडी उरते. बॉम्बे गटात पहिले विकरच नसते. कडीच नाही, तर ‘बी’ अडकणार कशाला? त्या बाईच्या अंगात ‘बी’चा गुण असूनही रिपोर्ट ‘ओ’ येतो. बाळाला तो गुण आईकडून मिळतो, कडी बनविणारे विकर बापाकडून, आणि बाळ ‘बी’ ठरते. यात त्या माउलीचा काय दोष? संशय घेण्याआधी ‘एच’ची तपासणी करून घ्यावी, एवढेच आमचे सांगणे.

एरवी हा माणूस ठणठणीत असतो. धोका आहे तो रक्त चढविताना. त्याच्या रक्तात ‘एच’विरुद्धची प्रतिपिंडे तयार असतात, आणि ‘ओ’ रक्तात ‘एच’ सर्वांत जास्त. ‘ओ सर्वांना चालते’ म्हणून ते चढविले तर पेशी फुटतात. थंडीताप, कंबरदुखी, लाल लघवी, मूत्रपिंडे निकामी, प्रसंगी मृत्यू. अशा माणसाला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. म्हणून रक्त चढविण्यापूर्वी क्रॉसमॅच झालेच पाहिजे. कितीही घाई असली तरी ते झाले का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नये. पेशींबरोबर रक्तद्रवाचीही तपासणी झाली की हा गट उघडा पडतो.

या साखरेचा संबंध इतर आजारांशीही आहे. रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या व्हॉन विलेब्रँड नावाच्या प्रथिनावरही हीच ‘ए’ आणि ‘बी’ साखर बसते. ‘ओ’ गटात हे प्रथिन सुमारे पाव हिश्शाने कमी आढळते. त्यामुळे त्या लोकांत शिरेत गुठळी होण्याचा धोका इतर गटांपेक्षा कमी असतो.

भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस बॉम्बे गटाचा, युरोपात दहा लाखांत एखादा. आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेला गुण आला तरच हा गट होतो, म्हणून मामेबहीण-आतेभाऊ अशा नात्यांतल्या लग्नांत तो अधिक दिसतो. आईबाप प्रत्येकी एकेक बिघडलेला गुण बाळगून असतील, तर त्यांच्या प्रत्येक मुलात याची शक्यता चारांत एक. घरात एक जण बॉम्बे निघाला की सख्ख्या भावंडांची तपासणी लगेच करून घ्यावी. वेळ पडली तर रक्त बहुधा तिथेच सापडते.