लीड्समध्ये पारखलेले बार्शीचे डबे

कडेगाव तालुक्याच्या पूर्वेला, कवठे महांकाळवरून अडीच फुटी रुळांची गाडी पंढरपूरकडे जायची. ती बार्शी लाइट रेल्वे. तिचे डबे म्हणजे त्या काळातला एक धाडसी प्रयोग होता.

ही रेल्वे उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याचं गणित सोपं होतं. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालवाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार असा सारखा वाटला की हलके, स्वस्त रूळही पुरतात, आणि गरीब मुलखालाही रेल्वे परवडते. त्यासाठी त्यानं दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्याचे, बोगीवर, म्हणजे वळणाऱ्या चाकचौकटीवर, चालणारे डबे करवून घेतले. भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ खास रूळ टाकून त्यांची चाचणीही घेतली.

१८९७ साली बार्शी मार्ग सुरू झाला. १९०६ मध्ये तो पंढरपूरला पोहोचला, १९२७ मध्ये मिरजेला. यात्रेच्या गर्दीत वारकरी मालवाघिणींतूनही जात. डब्यांची डागडुजी कुर्डुवाडीच्या कारखान्यात होई.

आज हा मार्ग ब्रॉडगेज आहे. रूळ रुंदावले, त्यामुळे जुने डबे तिथे निरुपयोगी ठरले. त्यातला एखादा तरी मूळ रूपात पुन्हा उभा करून मिरजेत ठेवायला हवा. या भागाच्या इतिहासाचा तो हक्क आहे.