रुपयाच्या जोडीने चालणारा नगुल्ट्रम

फुंटशोलिंग हे भूतानचं सीमेवरचं गाव. इथल्या दुकानात शंभराची भारतीय नोट दिली, तर सुटे पैसे बहुधा भूतानी नोटांत परत येतात. हिशेब चुकत नाही, कारण एक नगुल्ट्रम म्हणजे बरोबर एक रुपया. १९७४ साली हे चलन आलं, तेव्हापासून हाच दर. भूतानमध्ये आपला रुपयाही कायदेशीर चलन आहे.

आठ लाखांहून कमी वस्तीच्या देशाला ही व्यवस्था सोयीची आहे. बहुतेक व्यापार भारताशीच, त्यामुळे दराच्या चढउताराची धास्ती नाही. पण किंमतही मोजावी लागते. आपल्याकडे महागाई वाढली की ती तिकडेही पोचते, आणि व्याजदर हवे तसे ठरवायला फारसा वाव उरत नाही.

शिवाय रुपये काही भूतानला छापता येत नाहीत, ते कमवावे लागतात. मुख्य कमाई जलविद्युतीची: चुखा, ताला या प्रकल्पांतली वीज भारत विकत घेतो. पावसाळ्यात नद्या भरून वाहतात. हिवाळ्यात पाणी आटलं की भूतानलाच भारताकडून वीज घ्यावी लागते. तांदूळ, डिझेल, गाड्या यांच्यासाठी रुपये सतत बाहेर जातात. २०१२ मध्ये रुपयांचा एवढा तुटवडा पडला की गाड्यांची आयातच थांबवावी लागली. माझ्या मते या व्यवस्थेची खरी कसोटी तेव्हाच लागली, आणि तरीही दर ढळला नाही.

भूतानला गेलात तर उरलेले नगुल्ट्रम सीमेवरच बदलून घ्या. पुण्या-मुंबईच्या दुकानांत ते चालत नाहीत.