अमेरिकेतून आलेली एक विद्यार्थिनी आणि परदेशी निघालेली आपली मुले

आमच्या साकीनाका परिसरातील विहाराच्या अभ्यासिकेत संध्याकाळी सात वाजता दिवे लागतात. खैरानी रोडच्या गाळ्यांतून आणि मेट्रोच्या जिन्यावरून माणसे घरी परतत असतात, त्याच वेळी आपली मुले-मुली वह्या घेऊन येऊन बसतात. अशाच एका संध्याकाळी परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले, “दादा, तिकडे गेल्यावर आपण चळवळीचे बोलायचे, की गप्प राहून डिग्री घेऊन यायचे?” तिची आई जवळच बसली होती. गाळ्यात पॅकिंगचे काम करून ती थेट तिथे आली होती. ती म्हणाली, “आधी शिकून ये बाई, मग काय ते बोल.”

दोघींचेही म्हणणे खरे होते. त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी आम्ही उलट दिशेने आलेल्या एका विद्यार्थिनीचा दाखला घेत आहोत. ती अमेरिकेतून शिकण्यासाठी महाराष्ट्रात आली, चळवळीत उतरली आणि इथलीच झाली. तिचे नाव डॉ. गेल ऑम्वेट.

गेल ऑम्वेट यांचा जन्म २ ऑगस्ट १९४१ रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात झाला. कार्लटन कॉलेजातून पदवी घेतल्यावर १९६३-६४ मध्ये त्या फुलब्राइट योजनेतून इंग्रजीच्या शिक्षिका म्हणून प्रथम भारतात आल्या. नंतर त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील समाजशास्त्र विभागात उच्च शिक्षण घेतले आणि १९७०-७१ च्या सुमारास पीएच.डी.च्या संशोधनासाठी त्या महाराष्ट्रात आल्या.

इथे तरुण वाचकांसाठी थोडा खुलासा करणे आवश्यक आहे. अमेरिकेत पीएच.डी. करणारा विद्यार्थी पहिली दोन-तीन वर्षे वर्गात शिकतो. मग त्याची मोठी परीक्षा होते. त्यानंतर आपण कशाचा अभ्यास करणार, कोणती कागदपत्रे पाहणार, कोणाला भेटणार याचा आराखडा तो प्राध्यापकांपुढे मांडतो. आराखडा मंजूर झाला आणि शिष्यवृत्ती मिळाली की तो एखाद-दोन वर्षे त्या प्रदेशात जाऊन राहतो. तिथली भाषा शिकतो, जुनी वर्तमानपत्रे चाळतो, लोकांना भेटून टिपणे काढतो आणि परत जाऊन प्रबंध लिहितो. पैसा मोजका असतो आणि व्हिसाची मुदत ठरलेली असते. बहुतेक जण काम झाले की परत जातात आणि त्यात काही गैर नाही. परंतु ज्यांच्याविषयी प्रबंध लिहिला त्या माणसांच्या हातात तो क्वचितच पडतो, हेही तितकेच खरे आहे.

गेल ऑम्वेट ज्या बर्कलीतून आल्या, तिथे १९६४ च्या अखेरीस विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या आवारात राजकीय मत मांडण्याच्या हक्कासाठी मोठा लढा दिला होता. त्या लढ्यातील काही विद्यार्थी अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांच्या मतदार-नोंदणीचे काम करून आलेले होते. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात मोर्चे निघाले, स्त्रीमुक्तीची चळवळ उभी राहिली. बर्कलीला लागूनच ओकलंड शहर आहे. तिथे १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. त्याच नावावरून स्फूर्ती घेऊन १९७२ मध्ये आपल्या मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी दलित पँथर उभी केली. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्यांना एकमेकांची भाषा कळायला वेळ लागत नाही, ती अशी.

हा संबंध त्याहूनही जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सज्जनांनी हबशी गुलामांना दास्यातून मुक्त केले त्यांना अर्पण केला होता. जवळजवळ शंभर वर्षांनी त्याच देशातील एक विद्यार्थिनी जोतीरावांचा अभ्यास करण्यासाठी महाराष्ट्रात आली.

तिने निवडलेला विषय होता १८७३ ते १९३० या काळातील पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळ. त्या वेळी भारतावर इंग्रजीत लिहिणाऱ्या विद्वानांचे लक्ष मुख्यतः राष्ट्रीय सभेवर, टिळक-गांधींवर असे. सत्यशोधक समाजाकडे वळणारे थोडे होते. ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये नुकतेच प्रसिद्ध केले होते. ‘दीनबंधु’सारखी पत्रे, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यातून मुकुंदराव पाटील चालवीत असलेला ‘दीनमित्र’, अशा साधनांवाचून हा इतिहास कळणे शक्य नव्हते, आणि ती सारी मराठीत होती. म्हणून मराठी शिकणे भाग होते. गेल ऑम्वेट मराठी शिकल्या आणि पुढे आयुष्यभर सभांमधून मराठीत बोलल्या. १९७३ मध्ये त्यांना बर्कलीची पीएच.डी. मिळाली. तो प्रबंध १९७६ मध्ये पुस्तकरूपाने मुंबईतच प्रसिद्ध झाला, ही गोष्ट आम्हाला विशेष वाटते. इथले इथे परत आले.

त्यांनी महाराष्ट्र पाहिला तो काळही साधा नव्हता. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडण्याच्या कामावर होती. मुंबईत महागाईविरोधात बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. १९७५ मध्ये आणीबाणी आली. शेतमजूर स्त्रिया, कामगार स्त्रिया, शिकलेल्या तरुणी यांच्या चळवळींमध्ये फिरून गेल ऑम्वेट यांनी जे पाहिले, त्यावर १९८० च्या सुमारास त्यांचे भारतीय स्त्रियांच्या लढ्यावरील इंग्रजी पुस्तक आले.

१९७६ मध्ये त्यांचा विवाह डॉ. भारत पाटणकर यांच्याशी झाला आणि सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातले कासेगाव हे त्यांचे घर झाले. सासू इंदूताई पाटणकर स्वतः स्वातंत्र्यसैनिक होत्या, तर सासरे बाबूजी पाटणकर प्रतिसरकारच्या लढ्यातील. श्रमिक मुक्ती दल, दुष्काळी भागातील पाण्याची चळवळ, परित्यक्ता स्त्रियांच्या हक्काची चळवळ यांत हे दांपत्य राहिले. १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी परतलेले कामगार आणि खानापूर तालुक्यातील शेतकरी यांनी येरळा नदीवर बळीराजा धरण उभारले, ते याच चळवळीतून. आपल्या मुंबईतील कित्येक घरांचे नाते त्या संपाशी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

१९८३ मध्ये गेल ऑम्वेट यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व चालत नाही. म्हणजे भारताचा पासपोर्ट हाती घेताना अमेरिकेचा सोडावा लागतो. त्या पासपोर्टसाठी जग रांगा लावते, हे आपण रोज पाहतो. हा निर्णय केवळ भावनेचा होता असे आम्हाला वाटत नाही. परकीय नागरिक इथे मतदान करू शकत नाही. व्हिसावर राहणाऱ्याने राजकारणात पडू नये अशी सरकारची अपेक्षा असते आणि व्हिसा कधीही नाकारला जाऊ शकतो. ज्याला इथल्या प्रश्नांवर ठाम बोलायचे आहे, त्याने इथल्या परिणामांनाही सामोरे जावे, हा त्यामागचा सरळ अर्थ आम्ही घेतो. पुढे त्यांनी पुणे विद्यापीठात फुले-आंबेडकर अध्यासनाचे काम पाहिले. १९९४ मध्ये दलित चळवळीवरील आणि २००३ मध्ये भारतातील बौद्ध धम्मावरील त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचे निधन झाले.

परंतु एकच मार्ग खरा असे समजू नये. डॉ. एलिनॉर झेलियट याही अमेरिकनच. १९२६ चा त्यांचा जन्म, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचा संस्कार. १९६० च्या दशकात त्या बाबासाहेबांच्या चळवळीच्या अभ्यासासाठी महाराष्ट्रात आल्या, वस्त्यांमधून फिरल्या, कार्यकर्त्यांना भेटल्या आणि १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पीएच.डी. होऊन आपल्या देशात शिकवू लागल्या. त्या अमेरिकनच राहिल्या. पण वारंवार इथे येत राहिल्या, दलित साहित्याची इंग्रजी भाषांतरे जगापुढे ठेवीत राहिल्या. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा इथल्या अनेक घरांत आपले माणूस गेल्याची भावना होती. एक राहिली, एक परत गेली, पण जिथून घेतले तिथे परत देण्याचे कर्तव्य दोघींनीही पाळले. आमच्या मते कसोटी हीच आहे.

ही झाली इकडे आलेल्यांची गोष्ट. आपल्या मुलांची वाट मात्र तितकी सोपी नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

परमपूज्य बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. एवढ्या बंधनात राहून त्यांनी १९१५ मध्ये एम.ए. पूर्ण केले आणि ९ मे १९१६ रोजी प्राध्यापकांच्या चर्चासत्रात भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. अर्थशास्त्राचा अभ्यास त्यांनी सोडला नाही आणि जातीचा प्रश्न घरी ठेवून ते गेले नाहीत. त्यांनी दोन्ही केले.

आज महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्र शासनाचीही आहे. परंतु केंद्राच्या शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. विचार करा. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये जो विषय मांडला, गेल ऑम्वेट ज्या विषयासाठी सात समुद्र ओलांडून आल्या, तोच विषय घेऊन आपला मुलगा त्या नियमांखाली परदेशी जाऊ शकत नाही. परक्याने आपला अभ्यास करावा याला आमची हरकत नाही, उलट आम्ही ऋणी आहोत. पण आपला इतिहास आपणच लिहायला गेलो तर दार बंद, हे कसे चालेल?

दुसरी अडचण तिकडची आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत पॅलेस्टाईनच्या बाजूने आंदोलन केलेल्या काही परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, काहींना अटक झाली. त्याच वर्षी जूनमध्ये विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांनी आपली सोशल मीडियाची खाती तपासणीसाठी खुली ठेवावीत असे फर्मान निघाले. म्हणजे त्या आईची भीती खोटी नव्हती. अमेरिकेचा पासपोर्ट खिशात असलेल्या विद्यार्थिनीला कासेगावात परतीचे विमान नेहमी मोकळे होते. साकीनाक्याहून गेलेल्या मुलीमागे शिष्यवृत्ती, हमीपत्र आणि अख्खे घर उभे असते. दोघींच्या धैर्याची तुलना करताना हा फरक विसरू नये.

मग त्या मुलीला आता आम्ही काय सांगू? पहिले, अभ्यास पक्का कर. अभ्यासात कच्च्या माणसाचे मत कोणी ऐकत नाही. दुसरे, जाण्यापूर्वी व्हिसाचे आणि शिष्यवृत्तीचे नियम स्वतः वाच. ऐकीव माहितीवर भिऊ नकोस आणि ऐकीव माहितीवर धाडसही करू नकोस. तिसरे, तिकडच्या कृष्णवर्णीयांचा, मजुरांचा, स्थलांतरितांचा प्रश्न समजून घे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून नीग्रोंच्या प्रश्नाशी आपल्या प्रश्नाचे साम्य सांगितले होते. चौथे, सगळेच रस्त्यावर उतरून बोलावे लागते असे नाही. निबंध हे बोलणे आहे, भाषांतर हे बोलणे आहे, आणि सोबतच्या मुलाने जात विचारली तर मान खाली न घालणे हेही बोलणेच आहे. पाचवे, परत ये किंवा येऊ नकोस, पण तुझा प्रबंध मराठीत या अभ्यासिकेच्या टेबलावर येऊ दे.

आणि तिच्या आईला आम्ही एवढेच सांगू, की ताई, तुमचे म्हणणे खरे आहे. शिकणे आधी. मात्र बाबासाहेबांनी शिकणे आणि बोलणे यांत मोठी भिंत घातली नव्हती. तुमची लेक बोललीच, तर तिच्या मागे आपली वस्ती उभी आहे असे तिला वाटले पाहिजे. ते वाटायला लावणे हे आपल्या संस्थेचे काम आहे.

ती मुलगी अजून अर्जच भरते आहे. तिला लागणारी कागदपत्रे गोळा करायला ज्यांना सवड असेल, त्यांनी रविवारी सकाळी विहारात यावे.

जयभीम.