मांजराचं पान

चिनी नववर्ष जवळ आलं की सिंगापूरच्या वाचनालयांत लहान मुलांच्या कपाटावर एकाच गोष्टीची पुस्तकं दाटीवाटीने मांडलेली दिसतात. जेड सम्राटाने शर्यत लावली, नदी पार करून पहिल्या येणाऱ्या बारा प्राण्यांची नावं वर्षांना द्यायचं ठरलं. उंदीर बैलाच्या डोक्यावर बसून आला आणि काठाशी येताच टुणकन उडी मारून पहिला ठरला. गोष्ट तीच. पण मांजराचं काय झालं असं विचारा, की प्रत्येक पुस्तक वेगळं सांगतं. एकात उंदीर आपल्या या मित्राला मधल्या धारेत ढकलून देतो. दुसऱ्यात सकाळी उठवायचं कबूल करतो आणि उठवत नाही. तिसऱ्यात मांजराला नुसताच उशीर होतो, सगळे मिळून त्याची समजूत घालतात आणि चित्रात रंगीत फुगे असतात. त्या फुग्यांनी माझं डोकं फिरलं. घात झाला होता, तो कोणी पुसला? ओळखीतून ओळख काढत मी ही पुस्तकं चितारणाऱ्या एका बाईंकडे पोहोचले.

बाई तोआ पायोहमधल्या सरकारी उंच इमारतीत राहतात. मी गेले तेव्हा वय 63. येऊ घातलेलं वर्ष घोड्याचं होतं, 17 फेब्रुवारी 2026 ला सुरू होणारं. पुस्तक त्याच्या बरंच आधी दुकानात हवं, म्हणून 2025 च्या मध्यावर काम ऐन भरात होतं. दार उघडलं आणि आधी कापराचा वास आला. देव्हारा कुठे दिसेना. वास शाईचा होता. काजळी आणि सरस मळून केलेली काळी कांडी, तिच्यात कापूरही घालतात. थोडं पाणी घेऊन ती दगडावर, सहाणेवर चंदन उगाळावं तशी उगाळायची. रंग बाई संगणकावर भरतात. केस, मिशा, पिसं मात्र या शाईने, ब्रशने, हातानेच.

भिंतीवर एक मोठा कागद होता, त्यावर पेन्सिलीने आखलेले चौकोन. "बत्तीस," मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या. छापखान्यात मोठ्या कागदावर या बाजूला आठ आणि त्या बाजूला आठ पानं छापतात, घड्या घातल्या की 16 पानांचा फर्मा होतो. दोन फर्मे म्हणजे 32. जास्त हवीत? मग अख्खा फर्मा वाढवा आणि किंमतही वाढवा, जे कोणी करत नाही. बारा प्राण्यांना समोरासमोरची दोन-दोन पानं दिली तर 24 तिथेच गेली. शीर्षक, प्रकाशकाचा तपशील, अर्पणपत्रिका यांत आणखी तीन. मग सम्राटाची दवंडी, सगळ्यांची धांदल, शेवटचा समारंभ कुठे बसवायचा? "32," त्या पुन्हा म्हणाल्या. शिवाय मजकूर दोन भाषांत: चिनी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर उच्चार आणि खाली इंग्रजी. त्या तीन ओळी नदीचं अर्धं पाणी पितात.

म्हणून प्राणी एकत्र कोंबावे लागतात. घोडा आणि त्याच्या खुराला वेटोळं घालून आलेला साप, एक जोडी. बकरी, माकड आणि कोंबडा तराफ्यावरून एकदमच येतात, ही तर गोष्टीचीच कृपा. चार पानं वाचतात. (बकरी की मेंढी, हा प्रत्येक चित्रकाराचा आपापला मामला. बाई शिंगं मागे वळवून बकरी काढतात.) ड्रॅगन मात्र दोन पानांखेरीज मावत नाही. उडता येत असून तो पाचवा आला, कारण वाटेत शेतकऱ्यांसाठी पाऊस पाडायला थांबला आणि ओंडक्यावर अडकलेल्या सशाला फुंकर घालून काठाला लावून आला. उंदराची उडी कायम उजव्या पानाच्या अगदी कडेला. तो पडला की पोचला हे बघायला पोराने पान उलटलंच पाहिजे. आणि दोन पानांमधल्या घडीत कुणाचंही तोंड येता कामा नये.

वाघ त्या सर्वांत शेवटी काढतात. त्या स्वतः 1962 च्या, म्हणजे वाघाच्या वर्षातल्या. मावशीच्या लग्नात त्यांना नवरीच्या खोलीत जाऊ दिलं नव्हतं. वाघाची मुलगी तिथे नको, अशी जुन्या घरांतली समजूत. हे सांगताना त्या शाई उगाळतच होत्या. त्यांचा वाघ प्रवाहाशी झटून दमलेला, भिजून अंगाला केस चिकटलेला असतो. पट्टे एकेक करून काढलेले.

पुस्तकाच्या अखेरीस असतो तक्ता: कोणत्या साली जन्मलात तर कोण. मला वाटतं पालक पुस्तक घेतात ते या तक्त्यासाठीच, चित्रं वरकड. बऱ्याच पुस्तकांत नुसती सालं छापलेली असतात, आणि बाईंचा तिथे कडवा विरोध आहे. उंदराचं वर्ष 25 जानेवारी 2020 ला सुरू झालं, बैलाचं 12 फेब्रुवारी 2021 ला. दर वर्षी तारीख हलते. जानेवारीत जन्मलेलं मूल नुसतं साल बघून भलत्याच प्राण्याचं ठरतं. इथे शाळेचा प्रवेश इंग्रजी वर्षाप्रमाणे, त्यामुळे अख्खा वर्ग एका प्राण्याचा आणि वर्षाच्या सुरुवातीची दोन-चार पोरं आदल्या प्राण्याची. त्यांच्यासाठी पूर्ण तारखा हव्यातच.

तक्त्याला कोणी खेळ समजू नये. 1966 हे अग्निघोड्याचं वर्ष होतं. अशा वर्षातली मुलगी नवऱ्याला गिळते, या समजुतीपायी जपानमध्ये त्या एका वर्षात जन्म सुमारे चतुर्थांशाने घटले. अग्निघोडा साठ वर्षांनी फिरून येतो, म्हणजे 2026 मध्ये. साठाचं चक्र आपल्याकडेही आहे, आणि गंमत म्हणजे 2026 च्या पाडव्याला लागणाऱ्या संवत्सराचं नाव पराभव. त्या नावाला भिऊन कोणी पाळणा लांबवल्याचं मी ऐकलेलं नाही; पण मूळ नक्षत्रावर मूल झालं की आपणही भटजींना बोलावून शांत करतोच. हसायला आपल्याला फारशी जागा नाही.

तर तारखांसकट तक्ता दोन पानं खातो, आणि ती दोन पानं मांजराची होती. बाईंच्याच काटेकोरपणाने मांजराला बाहेर काढलं. कच्च्या चित्रांच्या खोक्यात तशी कितीतरी मांजरं पडलेली: बुडणारी, पोहणारी, पंजाने पाणी झटकणारी. शेवटी त्याला मिळालं 32 वं, एकटं पान. भिजलेलं मांजर, आणि पानाच्या कडेतून निसटणारी शेपटी, उंदराची.

मी तिथे असतानाच संपादकांचा फोन आला. मांजर फार केविलवाणं दिसतं, उंदराने माफी मागितली तर बरं, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी भिंतीकडे पाहिलं. "जागा नाही," त्या अत्यंत नम्रपणे म्हणाल्या. "बत्तीसच आहेत ना." फोन ठेवल्यावर खुशाल हसल्या. माफीला लागणार होती फक्त एक ओळ, आणि 32 व्या पानावर मांजर आणि शेपटी सोडली तर पाण्याखेरीज काही नव्हतं. मला ही लबाडी फार आवडली.

डमी, म्हणजे आठ कागद मधोमध दुमडून टाचलेली वही, त्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत पोरांना वाचून दाखवतात. खेळणारी असतील ती गोळा होतात. त्या दिवशी बहुतेक 2019 आणि 2020 ची, म्हणजे डुकरं आणि उंदीर. वाटेत खाऊन झोपलेल्या डुकरावर डुकरं खूष. उंदरांपैकी एकाने, बैलाला डोक्यावर कोणी बसलेलं कळलं नाही ही बैलाची चूक, असा निकाल दिला. शेवटचं पान आलं तेव्हा मागे बसलेली एक मुलगी उठून उभी राहिली. तिची आई व्हिएतनामची. आमच्याकडे मांजर आहे, ती म्हणाली, दोन हजार तेवीस मांजराचं होतं. हे खरंच आहे. व्हिएतनाममध्ये सशाच्या जागी मांजर असतं.

बाईंनी डमी मिटली. "मग सशाचं काय झालं?"

मुलीने थोडा विचार केला. "तो आलाच नाही."